प्लगच्या भोकात बसवायचा टायमिंग गेज: डायल चांगला, अडॅप्टर भंगार

आरडी, येझदी, जावा, राजदूत असली पॉइंटवाली टू-स्ट्रोक (पॉइंट म्हणजे ठिणगी कधी पडायची ते उघडमिट करून ठरवणारा स्विच) ज्यांच्या घरात हाय त्यांनी वाचा, बाकीच्यांनी वाचलं तरी चालतंय. ऑनलाईन एक टायमिंग गेज किट मिळतं बघा, म्हणजे ठिणगी पडताना पिस्टन कुठं हाय ते मोजायचं साधन, प्लास्टिकच्या डबीत एक डायल गेज, प्लगच्या जागी आट्यात बसणारा ॲल्युमिनियमचा अडॅप्टर आणि दोन एक्स्टेन्शन रॉड, ते मागवलं आणि आमच्या राजदूत ३५० वर वापरलं. दीड हजाराच्या आसपास पडलं. डबीवर कंपनीचं नाव नाय, आत माहितीचा कागद नाय, फक्त एक स्टिकर. सरळ सांगतो, डायल पैसे वसूल हाय, अडॅप्टर आणि रॉड फेकून द्यायच्या लायकीचे हायत, आणि नुसता गेज घेतला म्हणून टायमिंग लागतंय असं ज्याला वाटतंय त्यानं पैसे वाचवावेत आणि त्यात मित्रांना घेऊन मिसळ खावी.

माझं पोट शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपच्या इन्स्पेक्शनवर चालतं, दिवसभर हातात गेजच असतो, त्यामुळं माल आल्या आल्या आधी गाडीवर नाय, स्लिप गेजवर, म्हणजे अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यावर लावला. दीड हजारात आख्खं किट म्हणजे डायल कसला असणार असंच वाटलेलं. पण २ मिमीच्या स्लिपवर काटा २.०१ ला थांबला, परत उचलून सोडला, परत तिथंच. ५ मिमीला थोडा जास्त पुढं गेला पण आपल्याला तिथं जायचंच नाय. स्पिंडल (खालीवर सरकणारी आतली बारीक काडी) मऊ चालतो, मध्ये अडकत नाय, काटा शून्याला परत येतो. पुण्याच्या बेकरचा किंवा जपानच्या मिटुटोयोचा गेज हातात धरल्यावर जे समाधान मिळतं ते ह्याला नाय, बेझल (डायलची फिरणारी कडा) जरा ढिला हाय आणि काच प्लास्टिकची हाय, पण टायमिंगला ०.०१ ची अचूकता लागतच नाय. का नाय ते सांगतो.

आमच्या ३५० चा, म्हणजे आरडीचा स्ट्रोक (पिस्टनची खालवर चाल) ५४ मिमीचा. टायमिंग लावायचं पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या २ मिमी आधी, क्रँकच्या हिशोबात ते साधारण २० अंश होतं. त्या जागेला पिस्टन एका अंशाला जवळपास ०.२ मिमी सरकतो, म्हणजे ०.१ मिमीची चूक झाली तर अर्धा अंश इकडं तिकडं. हा अर्धा अंश गाडी खपवून घेते. पण अर्धा मिमी चुकला की अडीच अंश गेले, ते नाय खपवून घेत. आता हीच गोष्ट टोकाला बघा, वर पोचायच्या आधी ५ अंश आणि पोचल्यावर ५ अंश एवढ्या सगळ्या फिरण्यात पिस्टन जेमतेम एक दशांश मिमी हलतो. म्हणून प्लगच्या भोकात सायकलची स्पोक घालून "हां, आता वर आला" म्हणणारे जे असतात त्यांचा टीडीसीच, म्हणजे पिस्टनचं वरचं टोकच, दहा-दहा अंशांनी हुकलेला असू शकतो, आणि शून्यच हुकला तर पुढचं मोजमाप करून उपयोग काय. गेजचा काटा मात्र टोकाला थांबतो आणि उलटा फिरतो, ते डोळ्यानं दिसतं. दीड हजार ह्या एका गोष्टीचे.

आता शिव्या.

अडॅप्टर. प्लगचा आटा १४ बाय १.२५, त्यात काय अवघड नाय, पण किटमधल्या अडॅप्टरचे आटे एवढे खरबरीत की हेडात दोन फेरे गेल्यावर हाताला करकर लागली. ॲल्युमिनियमच्या हेडात ॲल्युमिनियमचा खरबरीत आटा जोर लावून फिरवायचा म्हणजे हेडाचे आटे गेलेच म्हणून समजा, आणि ३५० चं हेड आज कुठं मिळतंय आणि कितीला मिळतंय ते ज्याचं त्याला माहित. तिथंच थांबवला आणि काढला. दुसरी भानगड म्हणजे गेजची दांडी धरायला बाजूनं एक ग्रब स्क्रू दिलाय. तो स्क्रू थेट ८ मिमीच्या दांडीवर टेकतो. जरा जास्त आवळला की दांडी दाबली जाते आणि आतला स्पिंडल अडकतो, काटा मग टीडीसीला थांबल्यासारखा दिसतो पण तो अडकून थांबलेला असतो, पिस्टन गेला खाली आणि काटा वरच. कमी आवळला तर गेजच हळूहळू वर सरकतो. ज्याला गेजची सवय नाय तो ह्या स्क्रूपायी चुकीचं टायमिंग लावून मोकळा होईल आणि वर म्हणेल गेजनं लावलंय.

एक्स्टेन्शन रॉड तर विचारूच नका. अडीच मिमीचा बारका आटा, तो पण ढिला. विचार करा, हा रॉड सुटून सिलिंडरमध्ये पडला तर? पोर्टातून खाली गेला तर क्रँककेस उघडा. मी विकणाऱ्याला फोटो पाठवले, तक्रार टाकली, त्यांनी माल परत न घेता नुसता दुसरा रॉड पाठवला, त्याचा पण आटा तसाच. शेवटी थ्रेडलॉकर लावून बसवला आणि रात्रभर वाळवला.

मग अडॅप्टरसाठी उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरात राहून लेथच्या कामाला कोणी ऑनलाईनवर अवलंबून राहत असेल तर त्याच्यासारखा दुर्दैवी तोच, शेतीच्या ऑइल इंजिनापासनं फाउंड्रीच्या पॅटर्नपर्यंत सगळं जिथं होतं तिथं पितळेचा एक बुश करून मिळायला किती वेळ. ओळखीचे एक टर्नर मामा हायत, त्यांना अडॅप्टर दाखवला, त्यांनी तो बोटानं फिरवून बघितला आणि खाली ठेवला.

"ह्ये कुठनं आणलंस?"

"ऑनलाईन मामा."

"परत ऑनलाईनच पाठव त्येला. आटा चौदा सव्वाच न्हवं? जुना प्लग आणलाईस का?"

जुना प्लग खिशात होताच. मामा म्हणले पूर्वी हेच करायचे, प्लगचं चिनीमातीचं फोडून काढायचं, रिकाम्या लोखंडी बॉडीत बुश ठोकायचा, झाला अडॅप्टर. मला पितळेचाच पाहिजे होता म्हणून त्यांनी सळई लावली, भोक ८ चं रीमर मारून केलं, वरच्या तोंडाला हॅकसॉनं उभी चीर दिली आणि त्याच्यावर बाहेरनं एक कडी, जी आवळली की चारी बाजूनं सारखी धरते. म्हणजे कॉलेट झाला. दांडी घट्ट, स्पिंडल मोकळा. आट्याची लांबी प्लगएवढीच ठेवली, ३५० ला बी८एचएस प्लग लागतो, त्याचा आटा १२.७ मिमीचा, त्याच्यापेक्षा जास्त लांब केला तर आत पिस्टनला लागायची भीती. पाचशेच्या आत काम झालं, चहा मामांनीच पाजला. हेडात हातानं शेवटपर्यंत फिरला, पाना लावायलाच नको. ही खरी क्वालिटी.

आता गाडीवर कसं चाललं ते.

आमची ३५० म्हणजे ती एस्कॉर्ट्सवाली राजदूत, जिला सगळे आरडीच म्हणतात. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, आणि क्रँक १८० अंशांचा, म्हणजे एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. त्यामुळं पॉइंट दोन, कंडेन्सर दोन, कॉइल दोन आणि टायमिंग पण दोनदा लावायचं. इथंच कानानं टायमिंग लावणाऱ्या मिस्त्रींची पंचाईत होते. एका सिलिंडरच्या गाडीवर जुने मिस्त्री कानानं जे लावतात त्याला तोड नाय, मी बघितलंय, आवाजावर पॉइंटची प्लेट एवढीशी सरकवतात आणि गाडी बोलायला लागते. पण दोन सिलिंडर असले की एक दुसऱ्याचं पाप झाकतो. आमच्या गाडीचं तसंच झालेलं, एका नावाजलेल्या गॅरेजनं लावून दिलेलं, आयडलिंग बरं, आवाज बरा, पण चार हजार आरपीएमच्या पुढं हँडलला मुंग्या आणि डावा प्लग पांढराफट्ट. गेज लावून बघितलं तर डावा पॉइंट २.४ ला उघडतोय आणि उजवा १.७ ला. म्हणजे दोघांत साडेतीन अंशांचा फरक. डावा पुढं, म्हणजे ठिणगी लवकर, म्हणून गरम, उजवा मागं, म्हणजे उशिरा, म्हणून आळशी, आणि दोघांची सरासरी काढली तर बरोबर! कानाला सरासरीच ऐकू येते.

पुढं गेलेलं टायमिंग टू-स्ट्रोकला जास्त वाईट. पिस्टन अजून वर चढतोय आणि जळता गॅस त्याला वरनं दाबतोय, उष्णता सगळी पिस्टनच्या डोक्यावर, नॉकिंग चालू झालं की ॲल्युमिनियम वितळून मधोमध भोक पडतं. किक मारताना पायाला उलटा झटका बसत असेल तर आधी टायमिंग बघा, गुडघ्याच्या डॉक्टरकडं नंतर जा. मागं राहिलेलं टायमिंग एवढं लगेच मारत नाय पण गाडी चढाला मरगळते, पेट्रोल पिते, सायलेन्सर तापतो.

पण गेज लावायच्या आधी पॉइंटची गॅप. हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. गेज तुम्हाला पिस्टन कुठं हाय एवढंच सांगतो, करंट कधी पडणार ते पॉइंट ठरवतो. आणि गॅप बदलली की टायमिंग बदलतं, गॅप वाढवली तर पॉइंट लवकर उघडतो म्हणजे टायमिंग पुढं, कमी केली तर मागं. म्हणून आधी फिलर गेजनं गॅप ०.३५ ला, ०.३० ते ०.४० मध्ये चालते, आणि मगच टायमिंग. उलट केलं तर दोन्ही परत करा. पॉइंटच्या तोंडावर खड्डा आणि समोर टेकडी झाली असेल तर फिलर पट्टी टेकडीवर टेकते आणि खरी गॅप जास्तच राहते, त्यामुळं असले पॉइंट घासत बसण्यापेक्षा नवे टाका. कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासणाऱ्या फायबरच्या टाचेला ग्रीसचं बोट नुसतं लावायचं, थापायचं नाय, नायतर ते उडून पॉइंटवर बसतं आणि मग गाडी मिस मारते म्हणून कार्बोरेटर खोलत बसायचं.

दोन्ही प्लग काढले म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. टाकी मी काढूनच ठेवतो, डायल वाचायला डोकं घालायला जागा मिळते. पिस्टन जवळपास वर आणून मगच गेज बसवायचा, कारण डायलचा प्रवास १० मिमीचा आणि पिस्टनचा ५४ चा, खाली असताना बसवून फिरवला तर एक तर टेकणारच नाय नायतर गेज वाकडा होईल. वर टेकला, काटा थांबून उलटा फिरतो ती जागा सापडली, तिथं बेझल फिरवून शून्य. मग इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच्या उलट फिरवून पिस्टन ३ मिमीच्या पण खाली न्यायचा, आणि तिथनं सरळ बाजूनं हळूहळू वर आणायचा, म्हणजे मधला सगळा ढिलेपणा निघून जातो. डायलवर एक फेरा म्हणजे १ मिमी, त्यामुळं शून्याच्या दोन फेरे आधी काटा आला की बरोबर त्या क्षणाला पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. येझदीवाल्यांनी इथं जरा लक्ष द्या, आपल्या मॅन्युअलमधला आकडा पूर्ण मिमीत नसेल तर डायल उलट्या बाजूनं वाचावा लागतो, ९० दिसतंय म्हणजे टीडीसीच्या आधी ०.१० हाय, ०.९० नाय. आणि आरडीचा २ मिमी उचलून येझदीला लावू नका, तिचा स्ट्रोक ७५ मिमीचा, तिथं २ मिमी म्हणजे सतराच अंश होतात.

उघडायची सुरुवात बघायला डोळा कामाचा नाय. १२ व्होल्टचा बारका बल्ब, एक तार पॉइंटच्या वायरीला, एक बॉडीला, चावी चालू. पॉइंट मिटलेला असेल तोवर बल्ब बंद, उघडला की पेटतो. पेटला तिथं काटा बघायचा. चावी चालू ठेवून सिगरेट ओढायला जाऊ नका, पॉइंट मिटलेला असताना कॉइलमधनं सारखा करंट जातो आणि कॉइल तापते. हा बल्ब किटमध्ये दिलेला नाय, द्यायला पाहिजे होता, वीस रुपयाची गोष्ट. चेतक, लॅम्ब्रेटासारख्या फ्लायव्हील मॅग्नेटोवाल्यांना हा बल्ब चालत नाय, तिथं कॉइल आणि पॉइंट जोडूनच असतात, फरक दिसतच नाय, तिथं जुना सिगरेटचा पातळ कागदच भारी, पॉइंटमध्ये धरायचा आणि हलका ओढत राहायचा, सुटला ती जागा.

दोन्ही बाजू २ मिमीला आल्या. एकदा प्लेट आवळल्यावर परत तपासायचं, कारण स्क्रू आवळताना प्लेट हलतेच, न हलणारी प्लेट मी अजून बघितली नाय. उजव्या बाजूला एक गंमत झाली, तेच करून बल्ब एकदा १.९५ ला पेटायचा, एकदा २.०५ ला. गेजला दोष द्यायचा मोह होतो पण स्लिपवर गेज ठीक होता. हा क्रँकच्या टोकाचा खेळ, बेअरिंग जरा झिजलं की कॅम डगमगतो आणि गॅप दर फेऱ्याला थोडी बदलते. एवढ्याशाला काय होत नाय, पण हाच फरक ०.३ वर गेला की समजायचं टायमिंगचं काम संपलं आणि क्रँकचं चालू झालं. हे गेज नसता तर कळलंच नसतं.

चालवायला पन्हाळ्याला नेली. वाघबीळचा चढ म्हणजे आमच्याकडचा डायनो (पॉवर मोजायचं मशीन), पूर्वी तिथं गिअर खाली टाकून हँडल घट्ट धरायला लागायचं, आता त्याच गिअरवर चढते आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे मुंग्या गेल्या. पॉवर वाढली असं कोणी म्हणलं तर विश्वास ठेवू नका, जी कंपनीनं दिलेली ती परत मिळाली. खाली आल्यावर प्लग काढले, दोन्ही एकाच रंगाचे, चहासारखे तपकिरी.

आणखी काही जण विचारतील, स्ट्रोब लाईट (चालू इंजिनात टायमिंग दाखवणारा लुकलुकणारा दिवा) घेऊ का? ३५० ला टायमिंग पुढं-मागं करणारी यंत्रणाच नाय, जे लावलं तेच कमी-जास्त आरपीएमला राहतं, म्हणून गेजवर बसलेलं काम पुरतं. स्ट्रोबनं तो डगमगण्याचा प्रकार चालू इंजिनात दिसतो, तेवढंच. आरएक्स १०० वाल्यांनी ह्या किटमध्ये पडायचं कारण नाय, तिला सीडीआय (इलेक्ट्रॉनिक ठिणगी) हाय, पॉइंटच नाय. आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणारे म्हणतात आता टायमिंगची कटकट संपली, त्यांना पण बसवताना एकदा पिस्टनची जागा मोजायलाच लागते, ती काय किट स्वतः मोजत नाय. ज्यांच्या हेडात प्लग तिरका बसतो त्यांनी एक ध्यानात ठेवा, तिरका गेज खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, ३० अंश तिरका असेल तर पिस्टन २ मिमी सरकल्यावर काटा २.३ दाखवणार.

आता घ्यायचं का? आख्खं किट घेऊ नका. सुटा डायल घ्या, १० मिमी प्रवासाचा, ०.०१ चा, दांडी ८ मिमीची, चांगल्या कंपनीचा परवडत असेल तर तोच, कारण तो दुसऱ्या दहा कामाला येतो, डिस्क वाकडी हाय का बघायला, क्रँकचा रनआउट बघायला. रॉड सायकलच्या स्पोकपासनं करून घेता येतो, टोकाला आटे पाडायचे आणि टेकणारं टोक गोल करायचं. अडॅप्टर उद्यमनगरात. जाताना गेज आणि जुना प्लग दोन्ही घेऊन जा, नुसतं मापं सांगून करायला लावू नका, आणि दुपारी दोनच्या आत जा, मामा जेवायला गेले की मग संध्याकाळीच. डायलला चार स्टार, रॉडला शून्य, अडॅप्टरला पण शून्य. माझा पितळेचा अडॅप्टर कोणाला बघायचा असेल तर गाडी घेऊन घरी या, लावून देतो, पण गेज उसना मागू नका, तो कंपासपेटीतल्या कर्कटकासारखा एकदा गेला की परत येत नाय.